सातव्या वचनाशी थोडं थांबा

प्रिय आईबाबांनो,

परवा संडेस्कूलमध्ये उत्पत्तीचा 22वा अध्याय घेतला. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला होमासाठी मोरियाच्या डोंगरावर नेतो, तो. वर्ग सुटला, पोरं पळाली, पण दुसरीतला एक मुलगा बाकावरच बसून राहिला. हळूच म्हणाला, "टीचर, देवाने सांगितलं तर माझे पप्पापण मला नेतील?"

"नाही रे राजा," म्हणत मी त्याला जवळ घेतलं. घरी येऊन तो अध्याय पुन्हा वाचला, सगळी 24 वचनं. किती घाईने सांगतो आपण ही गोष्ट! देवाने मागितलं, बाप द्यायला निघाला, शाबास. मुलाच्या लक्षात तेवढी सुरी राहते.

वाट तीन दिवसांची. शेवटच्या टप्प्यात लाकडं मुलाच्या अंगावर, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. पोराला भाजू नये, कापू नये म्हणून असेल, असं आई म्हणून मला वाटतं. मग सातव्या वचनात इसहाक बापाला हाक मारतो, आणि अब्राहाम म्हणतो, मी इथे आहे. पहिल्या वचनात देवाच्या हाकेलाही त्याने हीच ओ दिली होती. हिब्रूत शब्दही तोच, 'हिन्नेनी'. विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठे, असं पोर विचारतं. बाप त्याला दटावत नाही. देव बघेल, एवढंच सांगतो. त्याला तरी आणखी काय ठाऊक होतं? आणि दोघं पुन्हा बरोबरीने चालू लागतात.

परीक्षा अब्राहामाची होती. पहिलंच वचन तसं सांगतं. मुलाची नव्हती. आपण मात्र मुलांनाच परीक्षेला बसवतो. प्रार्थना चुकवलीस म्हणून मार्क गेले, देव बघतोय हं, असं कितीदा म्हणतो! त्या काळी आसपासच्या लोकांत मुलं होमात देण्याची रीत होती. पुढे नियमशास्त्राने तिला सक्त मनाई केली. इथे तर उगारलेला हात स्वर्गातून अडवला जातो, आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो. मुलांना हे आधी सांगा.

एक मात्र मनाला लागून राहिलंय. परतीच्या वचनात अब्राहामाचं नाव आहे, इसहाकाचं नाही. पुढे उत्पत्तीत या बापलेकांचं एकही बोलणं नोंदलेलं नाही. बापाला मखपेलाच्या गुहेत पुरताना मात्र इसहाक आहे, सोबत सावत्र भाऊ इश्माएल. मधल्या वर्षांत त्याच्या मनात काय होतं, शास्त्र सांगत नाही.

म्हणून विनवते, हा अध्याय मुलांना शेजारी घेऊन वाचा. सातव्या वचनाशी थांबा, त्यांना विचारू द्या. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. आणि त्या मुलाचे पप्पा हे वाचत असतील, तर आज रात्री त्याच्याजवळ जरा बसा. तो वाट बघतोय.