दोन मिनिटांतला आकडा
मागच्या पावसाळ्यात घोणस चावलेल्या एका आजोबांना रात्री आणले. दिवसभर लघवी नव्हती. खाटेजवळच्या छोट्या यंत्राने दोन मिनिटांत पोटॅशियम दाखवले, ६.८. ते साधारण ३.५ ते ५ असावे. फार वाढले तर हृदय थांबते. पण शीर सापडेना म्हणून मी मूठ आवळायला लावून, सुई फिरवत रक्त काढले होते. अशाने तांबड्या पेशी फुटून आकडा फुगतो. प्रयोगशाळेत पेशी खाली बसवल्या की वरचा द्रव लालसर दिसतो, चूक कळते. हे यंत्र अख्खे रक्त तपासते. फुटलेल्या पेशी त्यात दिसत नाहीत. म्हणून लगेच ईसीजी काढला. टी-लाटा उंच, टोकदार होत्या! कॅल्शियम ग्लुकोनेट देऊन मगच दुसऱ्या हातातून नमुना घेतला. ६.१ आले. पहाटे आजोबांना डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी पाठवले.