गाजरगवताचे वावडे

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस हा कापूस पिकविणारा मुलूख. मृगाचा पाऊस झाला, की येथील काळ्या वावरांत पऱ्हाटी आणि तूर वर येऊ लागते. त्याच वेळी धुऱ्यांवर, रस्त्याच्या कडेला आणि पडीक जागेत एक झुडूप माजते. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात. फुले इतकी बारीक आणि पांढरी, की कोणी तांदळाच्या कण्या उधळल्या आहेत असे वाटावे. हेच गाजरगवत. नावात गवत असले, तरी हे गवत नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले असून मूळचे अमेरिका खंडातील आहे. 1956 मध्ये राव ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुण्यात आढळलेल्या गाजरगवताची नोंद प्रसिद्ध केली. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले असावे, असे पुष्कळ लोक मानतात. त्यापूर्वीही ते आपल्या देशात होते, असे काही अभ्यासक म्हणतात.

निंदणाला जाणाऱ्या एखाद्या बाईच्या पापण्या एके दिवशी सुजतात. मानेवर, कोपराच्या लवणीत, हातांवर लाल चट्टे उठतात आणि अतिशय खाज सुटते. शेजारी बसून तेच तण उपटणाऱ्या दुसऱ्या बाईला मात्र काहीही होत नाही. असे का व्हावे?

अमुक पदार्थाचे मला वावडे आहे, असे आपण म्हणतो. ह्यांपैकी एका प्रकारच्या वावड्याला डॉक्टर ॲलर्जी म्हणतात. हा शब्द 1906 मध्ये व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के ह्या डॉक्टरांनी बनविला. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. कधी कधी त्या एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजतात. एकदा अशी ओळख पक्की झाली, म्हणजे तो पदार्थ पुन्हा भेटताच त्या लढाई सुरू करतात आणि त्या लढाईचा त्रास आपल्यालाच होतो. म्हणूनच वर्षानुवर्षे बिनत्रास निंदण केलेल्या माणसालाही अचानक गाजरगवत बाधू लागते. हा विकार संसर्गजन्य नाही. अशा बाईच्या हातचे पाणी पिण्यास लोक कचरतात, ते केवळ अज्ञानामुळे होय. दूध न पचल्यामुळे पोट बिघडते, तीही ॲलर्जी नव्हे.

गाजरगवतातील पार्थेनिन हे द्रव्य कातडीला बाधते. झाडाला हात लावलाच पाहिजे, असे नाही; वाळलेल्या झाडाची भुकटी वाऱ्याबरोबर उडून चेहऱ्यावर बसली, तरी पुरते.

परंतु चट्टे उठले म्हणजे ते गाजरगवतामुळेच, असा तर्क करून चालत नाही. साबण, रबरी चप्पल, कपाळावरची टिकली, ह्यांनीही चट्टे उठू शकतात. ह्यासाठी डॉक्टर पाठीवर पट्टीची चाचणी करतात. संशयित पदार्थांचे अर्क लहान चकत्यांत भरून त्या चिकटपट्टीने पाठीवर लावतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या मालिकेत गाजरगवताचा अर्कही असतो. दोन दिवस पाठ ओली करावयाची नाही. नंतर पट्टी काढून पाहतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात; कारण ही ॲलर्जी सावकाश प्रकट होते. ज्या जागी लाली आणि पुटकुळ्या दिसतील, त्या जागेचा पदार्थ दोषी.

शिंका, वाहणारे नाक आणि काही प्रकारचा दमा ह्यांची गोष्ट निराळी आहे. तेथे परागकण किंवा धुळीतील सूक्ष्म किडे काही मिनिटांतच त्रास देतात. म्हणून त्यांची चाचणीही झटपट होते. हातावर अर्काचा एकेक थेंब ठेवून सुईने किंचित टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते का, ते पाहतात. अशा रुग्णांना कधी त्याच पदार्थाची अल्प मात्रा वाढवीत वाढवीत काही वर्षे देतात. हा उपाय लंडनमधील लेनर्ड नून ह्यांनी 1911 मध्ये मांडला. त्यायोगे शरीराला त्या पदार्थाची सवय होते. शेंगदाणा खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर एखाद्याचा श्वास कोंडू लागला, तर मात्र चाचणीची वाट पाहू नये. ताबडतोब मोठ्या माणसांना हाक मारावी आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपल्या निंदणाऱ्या बाईला डॉक्टर मलम देतात. त्रास फार असेल, तर पोटात घेण्याचे औषध देतात. ती औषधे त्यांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. पण खरा उपाय म्हणजे त्या झाडापासून दूर राहणे. हे सांगणे सोपे आहे. जिची रोजची मजुरीच वावरात आहे, तिने दूर तरी कोठे जावे? तिने अंगभर कपडे घालावेत, डोके व मान झाकावी, हातमोजे वापरावेत, घरी येताच साबणाने अंग धुवावे. एवढे करूनही धुऱ्यावर झाडे उभी असली, तर वारा आपले काम करतोच. म्हणून ज्यांना त्याचे वावडे नाही, त्यांनी हातमोजे घालून व नाकतोंड झाकून, फुले येण्यापूर्वीच ती उपटावी लागतात. एकाच झाडाला हजारो बिया येतात, आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यातच ते फुलू लागते. एकाने धुरा साफ केला आणि शेजाऱ्याने केला नाही, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

मनुष्याला ह्या कामी एक साथीदारही मिळाला आहे. 1980 नंतरच्या काळात मेक्सिकोतून एक लहान भुंगा भारतात आणून सोडण्यात आला. पांढुरक्या पाठीवर काळ्या रेघा असलेला हा भुंगा पावसाळ्यात गाजरगवताची पाने फस्त करतो. पाऊस सरला, की तो जमिनीत शिरतो आणि पुढच्या पावसापर्यंत तेथेच पडून राहतो.