आगार व्यवस्थापक : हिशेब आणि सेवा यांची सांगड

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरकडे (आजचे अहिल्यानगर) राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्यानंतर एस.टी. महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचली. प्रवाशाला चालक आणि वाहक दिसतात. परंतु गाडी वेळेवर सुटावी म्हणून झटणाऱ्या व्यवस्थापकाचा त्याला सहसा परिचय नसतो. सार्वजनिक वाहतुकीचे व्यवस्थापन ही आकडेमोड आणि माणसे या दोहोंची आवड असणाऱ्या तरुणांनी अवश्य विचारात घ्यावी अशी कारकीर्द आहे.

कामाचे स्वरूप

एस.टी.च्या रचनेत मध्यवर्ती कार्यालय, विभाग आणि आगार असे तीन स्तर आहेत. विभागाची सूत्रे विभाग नियंत्रकाकडे, तर आगाराची आगार व्यवस्थापकाकडे असतात. राज्यात अशी सुमारे २५० आगारे आहेत. आगाराचा दिवस पहाटेपूर्वीच सुरू होतो. एखादा चालक आजारी पडतो, एखादी गाडी ऐनवेळी नादुरुस्त होते. अशा वेळी उपलब्ध गाड्या व कर्मचारी यांची फेरजुळणी करावी लागते. शिवाय कार्यशाळेतील देखभाल, डिझेल व टायर यांचा वापर, कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास आणि वाहकांनी केलेला रोकड भरणा बँकेत पोहोचेपर्यंतची जबाबदारी, हे सारे याच पदाशी निगडित असते. आषाढी वारी आणि गणेशोत्सव या काळात जादा गाड्या सोडतानाच नित्याच्या प्रवाशांची गैरसोय होणार नाही, याचीही दक्षता घ्यावी लागते.

रिकामे आसन आणि खर्चाचे गणित

दुकानातील न विकलेला माल उद्या विकता येतो; गाडीतील रिकामे आसन मात्र त्या फेरीबरोबरच वाया जाते. म्हणून या व्यवसायात ‘भारमान’ या संज्ञेला महत्त्व आहे. उपलब्ध आसनक्षमतेपैकी किती क्षमता प्रत्यक्ष वापरली गेली, याची टक्केवारी म्हणजे भारमान. ४४ आसनांच्या गाडीतून २२ प्रवाशांनी संपूर्ण अंतर प्रवास केल्यास भारमान ५० टक्के होते. याच्या जोडीला प्रति किलोमीटर उत्पन्न, प्रति किलोमीटर खर्च आणि इंधनाची सरासरी यांवर व्यवस्थापकाची नजर असावी लागते.

तथापि केवळ सरासरी पाहून घेतलेला निर्णय फसवा ठरू शकतो. उदाहरणादाखल ३० किलोमीटरची एक फेरी घेऊ. प्रति किलोमीटर एकूण खर्च ७० रुपये मानल्यास फेरीचा खर्च २,१०० रुपये होतो. उत्पन्न १,२०० रुपये असेल, तर ९०० रुपयांचा तोटा दिसतो आणि फेरी बंद करण्याचा मोह होतो. परंतु एकूण खर्चापैकी इंधन, टायर आदी बदलता खर्च २५ रुपये प्रति किलोमीटर, म्हणजे ७५० रुपये आहे असे समजू. फेरी रद्द केल्यास वाचतात केवळ हे ७५० रुपये. वेतन, घसारा आदी १,३५० रुपयांचा स्थिर खर्च तसाच राहतो आणि १,२०० रुपयांचे उत्पन्न बुडते. म्हणजेच तोटा ९०० वरून १,३५० रुपयांवर जातो. त्याच गाडीला व कर्मचाऱ्यांना अन्यत्र अधिक उत्पन्न देणारे काम असेल, तरच फेरी बंद करण्याचा विचार हिशेबाच्या दृष्टीने समर्थनीय ठरतो.

आणि बदलता खर्चही निघत नसेल तर? रस्ता परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० याचे उत्तर एकाच वाक्यात देत नाही. महामंडळाने व्यापारी तत्त्वांनुसार काम करावे, असे तो सांगतो. तसेच पुरेशी, कार्यक्षम आणि काटकसरीची वाहतूक सेवा पुरविण्याचे कर्तव्यही त्याच्यावर सोपवितो. गावी मुक्कामी असलेली गाडी सकाळी सुटलीच नाही, तर तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीची परीक्षा चुकते. रुग्णाची तपासणी पुढे ढकलली जाते. ही हानी आगाराच्या ताळेबंदात दिसत नाही. फेरी बंद करण्याऐवजी वेळ बदलणे, दोन मार्ग जोडणे किंवा रिकामे धावणारे किलोमीटर कमी करणे, असे पर्याय शोधण्यातच व्यवस्थापकाचे कसब पणाला लागते.

पात्रता आणि प्रशिक्षण

परिवहन संस्थांमध्ये अधिकारीपदे सरळसेवा भरती व पदोन्नती अशा दोन्ही मार्गांनी भरली जातात. यांत्रिकी किंवा ऑटोमोबाईल अभियांत्रिकी, वाणिज्य आणि व्यवस्थापन या विषयांचे शिक्षण उपयुक्त ठरते. पात्रतेच्या अटी संस्थेनुसार भिन्न असल्याने संबंधित जाहिरात काळजीपूर्वक वाचावी. पुण्याजवळील भोसरी येथे १९६७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय रस्ता परिवहन संस्था या क्षेत्रातील प्रशिक्षण व संशोधनासाठी देशभर परिचित आहे. महानगरांतील बससेवा आणि मेट्रो यांतही अशा मनुष्यबळाची गरज असते.

बदलते आव्हान

विजेवरील बसगाड्यांसाठी अनेक ठिकाणी खासगी कंत्राटदाराला प्रति किलोमीटर मोबदला दिला जातो. तेथे करारातील अटींचे पालन तपासणे, हे व्यवस्थापकाचे नवे काम झाले आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.च्या भाड्यात महिलांना ५० टक्के सवलत मिळू लागली. कर्नाटकात त्याच वर्षी जूनपासून महिलांसाठी साध्या गाड्यांतील मोफत प्रवास सुरू झाला. अशा सवलतींमुळे गाडी भरलेली असली, तरी उत्पन्नाचा काही भाग शासनाकडून प्रतिपूर्तीच्या रूपाने येतो. ती विलंबाने आल्यास डिझेल आणि वेतन यांसाठी खेळत्या भांडवलाची चणचण भासते. भरलेली गाडी आणि भरलेली तिजोरी यांतील हे अंतर बँकिंग जाणणाऱ्यास सहज उमगेल.

या कारकिर्दीत सणासुदीची रजा दुर्मीळ असते आणि प्रवाशांचा रोषही प्रसंगी सोसावा लागतो. मात्र पहाटेची पहिली गाडी ठरल्या वेळी आगाराबाहेर पडते, तेव्हा अनेकांचा दिवस मार्गी लागलेला असतो. हिशेबाची शिस्त आणि सेवेची आस्था ज्यांच्या ठायी एकत्र आहे, अशा तरुणांना या क्षेत्राचे दार खुले आहे.