जीपचे दार आणि प्रवाशाचा जीव

सुरत शहराच्या दक्षिणेस असलेले सचिन हे एकेकाळी लहानसे संस्थान होते. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेने १७९१ मध्ये ते स्थापिले. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले व १ मे १९६० पासून गुजरात राज्याचा भाग बनले. आज सचिनची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे आहे. कापड व रसायन उद्योगांमुळे येथील रस्त्यांवर मालमोटारींची वर्दळ अहोरात्र असते. धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे सुरत परिसरात स्थायिक झाली आहेत. सणावाराला व लग्नसराईत नवापूरमार्गे त्यांची गावाकडे ये-जा चालू असते. डोंगराळ वाटेवर चालणारी जीपसारखी वाहने या मंडळींच्या परिचयाची आहेत. अशा वाहनांची दारे काढून ती चालविण्याची हौस अलीकडे तरुणांत दिसून येते. ही हौस सुरक्षित आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बिनदाराची जीप आली कोठून?

जीप मूळची लष्करी. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून ती मोठ्या संख्येने तयार झाली. सैनिकाला क्षणात चढता-उतरता यावे म्हणून तिला दारे नव्हती, मात्र त्या जागी आडवा पट्टा बांधण्याची सोय होती. युद्धानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ताडपत्रीचा टप असलेली जीप ही तेव्हापासून गावोगावी सरकारी कामाची खूण ठरली.

त्या काळी बिनदाराच्या जीपमधून अनेकांनी निर्धास्त प्रवास केला, असे वडीलधारे सांगतात. ते खरे आहे. परंतु त्या वेळचे रस्ते कच्चे होते, वाहने मोजकी होती आणि वेग बेताचा होता. आज त्याच वाहनाची नवी पिढी चौपदरी महामार्गावर भरलेल्या मालमोटारींच्या शेजारून धावते. जुन्या अनुभवाचा दाखला आजच्या रस्त्याला लागू पडत नाही.

दार काय काम करते?

दार हे केवळ धूळ व पाऊस अडविण्यासाठी असते, असा समज आहे. वस्तुतः त्याची कामे चार आहेत.

पहिले काम माणसाला आत ठेवण्याचे. ताशी ५० किलोमीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येचे वळण घेताना ६० किलो वजनाच्या प्रवाशाला सुमारे २४ किलो वजनाइतक्या जोराने बाहेरच्या बाजूस रेटल्यासारखे वाटते. डुलकी लागलेला प्रवासी किंवा मांडीवरील मूल अशा वेळी सहज निसटते. ताशी ४० किलोमीटर वेगाने खांबावर वा दगडावर आदळणे हे सुमारे सहा मीटर उंचीवरून पडण्यासारखे आहे. वेग ६० असेल तर ही उंची १४ मीटर, म्हणजे चार मजल्यांहून अधिक होते.

दुसरे काम बाजूने होणारा आघात झेलण्याचे. आधुनिक दाराच्या आत पोलादी आडवी पट्टी असते. समोरून धडक बसली तर इंजिन व पुढचा भाग चेपून काही जोर शोषून घेतो. बाजूने मात्र प्रवासी आणि धडकणारे वाहन यांच्यामध्ये दाराखेरीज फारसे काही नसते.

तिसरे काम हात-पाय आत राखण्याचे. वाहन कलंडू लागले की माणूस आधारासाठी नकळत हात किंवा पाय बाहेर टाकतो आणि तोच वाहनाखाली सापडतो. जीपची उंची जास्त असल्याने ती बैठ्या मोटारीपेक्षा लवकर कलंडते.

चौथे काम आरसा धरून ठेवण्याचे. बहुतेक नव्या वाहनांत बाजूचे आरसे दारावरच बसविलेले असतात. दार काढले की आरसाही जातो, आणि मागून येणारी मालमोटार चालकाला दिसत नाही.

पट्टा लावला तर पुरे नव्हे काय?

पट्टा हा दारापेक्षाही महत्त्वाचा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांच्या सोबत मागील आसनावर बसलेले सहप्रवासी मरण पावले. मोटार उंची होती, दारे बंद होती; परंतु मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलीस तपासात सांगण्यात आले. हाच महामार्ग पुढे सुरत जिल्ह्यातून जातो.

तथापि पट्टा माणसाला आसनाशी बांधतो, बाजूने येणारा आघात तो अडवू शकत नाही. दार आघात झेलते, पण पट्ट्याविना बसलेल्या माणसाला सावरू शकत नाही. म्हणून दोन्ही हवीत. नाशिक येथे तयार होणाऱ्या नव्या थार वाहनास २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत चार तारे मिळाले. ती परीक्षा कारखान्यातून निघालेल्या संपूर्ण वाहनाची होती. दारे उतरविलेल्या वाहनाला ते तारे लागू होत नाहीत.

रस्ता सोडून चालविताना

शेतात किंवा मोकळ्या माळावर माणसाच्या चालीने, पट्टा लावून वाहन नेताना धोका बराच कमी असतो, हे मान्य करावे लागेल. व्याघ्र प्रकल्पातील उघड्या गाड्या मंद गतीने व ठरलेल्या वाटेनेच चालतात. मात्र तेथेही हात बाहेर काढू नये अशी सूचना असतेच. बाभळीची फांदी, उसळलेला दगड वा खचलेला बांध हे धोके कमी वेगातही असतात. डुमसच्या किनाऱ्यासारख्या मऊ वाळूत चाक रुतून वाहन एका बाजूस झुकते. अशा वेळी दार असलेले बरे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. बेकायदा बदलाबद्दल कलम १८२-अ नुसार मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम १२३ प्रमाणे पायरीवर, टपावर किंवा वाहनाच्या सांगाड्याबाहेर प्रवासी बसविणे व बसणे हे दोन्ही गुन्हे आहेत. चालकाच्या ताब्यास अडथळा होईल अशा रीतीने कोणासही बसविण्यास कलम १२५ मनाई करते. चालकाच्या उजव्या बाजूस आणखी एक प्रवासी कोंबून चालणारी काळी-पिवळी जीप हे या नियमाच्या उल्लंघनाचे नित्य दिसणारे उदाहरण होय. त्या प्रवाशाचे निम्मे शरीर बाहेर असते, आणि पूर्ण भरलेल्या जीपमधील सर्वांचे प्राण अशा अडचणीत बसलेल्या चालकाच्या हाती असतात.

शिक्षकांसाठी एक प्रयोग

चाके लावलेल्या खोक्याची एक बाजू कापून काढावी. आत मातीची बाहुली बसवून खोके दोरीने ओढावे व एकदम वळवावे. बाहुली बाहेर पडेल. नंतर कापलेल्या जागी पुठ्ठा लावावा, पुढे बाहुलीस दोऱ्याने बांधावे, आणि प्रत्येक वेळी काय होते ते मुलांकडून लिहून घ्यावे. गतीचा नियम आणि दाराचा उपयोग दोन्ही एका तासात समजतील. घरी जाऊन हीच मुले वडिलांना प्रश्न विचारतील.

ध्यानात ठेवावे

१. सार्वजनिक रस्त्यावर दारे काढून वाहन चालवू नये.
२. ताडपत्रीचा पडदा म्हणजे दार नव्हे.
३. पुढील व मागील सर्व आसनांवर पट्टा लावावा. मुलांना कडेला किंवा मांडीवर बसवू नये.
४. दाराचा खटका सैल झाला असल्यास दोरीने बांधून भागवू नये, लगेच दुरुस्त करावा.
५. जागा नसलेल्या जीपमध्ये चढण्यापेक्षा पुढील गाडीची वाट पाहावी.

वाऱ्याची झुळूक अंगावर घेण्यासाठी काच खाली करणे पुरेसे आहे. गावाकडे निघालेल्या माणसाची घरी वाट पाहणारे कोणीतरी असते. ग्रामसभेत, शाळेत आणि कारखान्याच्या फाटकाशी ही माहिती पोहोचविण्याचे काम ग्रामसेवक, शिक्षक व सुजाण नागरिकांनी अंगावर घ्यावे, ही अपेक्षा.