पाठीवरचें ओझें

गेल्या मार्च महिन्यांत आम्ही सहा विद्यार्थी तोरण्याहून डोंगरधारेनें राजगडास पायीं जाण्यास निघालों. असा प्रवास आम्हां सर्वांसच नवा होता. त्यांत आमची जी फजिती झाली, तीपासून मिळालेला बोध आमच्या शाळासोबत्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडावा, म्हणून हा लेख.

तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारें १४०० मीटर उंच आहे. वेल्हें गांवाहून चढून पहिली रात्र आम्हीं मेंगाई देवीच्या देवळापाशीं काढली. प्रत्येकाच्या पाठपिशवींत जाड पांघरुणें, जास्तीचे कपडे, खाऊचे डबे असें पुष्कळ सामान होतें. पाणी मात्र दरडोई एकच लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणून आम्हीं नेमकें तेंच कमी केलें होतें!

दुसऱ्या दिवशीं बुधला माची उतरून धारेस लागलों, तोंच ऊन तापलें. वाटेंत पाणी कोठेंच लाभलें नाहीं. आम्ही चौघे ईर्ष्येनें भराभर पुढें गेलों व एका खिंडींत थांबलों. अर्धा तास झाला तरी मागचे दोघे येईनात. परत जाऊन पाहतों तों एक सोबती खडकाला टेकून बसलेला. डोकें दुखत होतें, मळमळत होतें, पायांत त्राण नव्हतें. दुसऱ्यानें आपला शेवटचा घोट त्यास केव्हांच दिला होता. आम्हीं त्यास झुडपाच्या सावलींत निजविलें, मानेवर ओलें फडकें ठेविलें आणि उरलेल्या पाण्यांत साखर व थोडें मीठ घालून घोटघोट पाजलें. तासाभरानें तो सावध झाला.

त्याची पिशवी उचलली, तेव्हां आम्ही ओशाळलों. सहाजणांचा तांदूळ व मोठें पातेलें त्याच्याच पाठीवर होतें! तो एवढेंच म्हणाला, "मीं दोनदां हांक मारली होती." त्या शब्दांनीं आम्ही जेवढे लाजलों, तेवढे कोणत्याही शिक्षेनें लाजलों नसतों. राजगडाचा नाद सोडून, ओझें वांटून घेऊन, आम्ही खिंडीखालच्या गांवीं उतरलों. तेथील एका मावशींनीं दिलेल्या ताकाची चव आम्ही विसरणार नाहीं.

यांतून आम्ही काय शिकलों? ओझें आपल्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक नसावें. उन्हाच्या दिवसांत निर्जळ वाटेवर प्रत्येकानें निदान तीन लिटर पाणी न्यावें. लिटरभर पाण्यास सहा लहान सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें प्रमाण पाठ असावें. पहांटे निघावें. सर्वांत हळू चालणाऱ्यास पुढें ठेवावें, म्हणजे कोणी मागें राहत नाहीं. आणि परत फिरण्यांत कमीपणा मानूं नये.

पालकांस एक विनंति: मुलाची पिशवी आपण भरूं नये. ती त्यासच भरूं द्यावी, आणि प्रवासापूर्वीं तासभर पाठीवर घेऊन चालावयास सांगावें. काय टाकावें तें पाठच सांगेल. सोबत्याच्या पाठीवर काय आहे, हें मात्र आपणच विचारिलें पाहिजे.