पीआरव्हीतला दाब कामाला लावा: ओल्या वाफेवरचा स्क्रू एक्सपांडर

गोंदियाकडे उसना (उकडा) तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये धानाच्या तुसावर बॉयलर चालतो. समजा, वाफ 8 किलो दाबाने निघते आणि पीआरव्हीतून (दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हमधून) 1.5 किलोवर उतरून धान उकडायच्या टाक्यांत जाते. हा उतार स्क्रू एक्सपांडरला, म्हणजे वाफेच्या प्रसरणाने स्क्रूसारखे रोटर फिरवून जनरेटर चालवणाऱ्या मशीनला दिला, तर ताशी टनभर वाफेमागे आदर्श हिशेबाने 60 किलोवॉटच्या आसपास ताकद आहे. त्यातली हाती किती लागते, हे खालच्या कामांवर ठरते.

आधी मोजा. लोड स्थिर झाल्यावर दोन्ही बाजूंचे दाब, वाफेचा प्रवाह आणि जनरेटरचे किलोवॉट एकाच वेळी लिहा. मिळालेल्या किलोवॉटला आदर्श आकड्याने भागले की कार्यक्षमता निघते. बाहेर पडणाऱ्या वाफेच्या तापमानावर विसंबू नका. ओल्या वाफेचे तापमान दाबानेच ठरते. तिच्यात पाणी किती, हे थर्मामीटर सांगत नाही. प्रवाहासाठीही फीडच्या पाण्याचे मीटर बरे, फक्त ब्लोडाउन वजा करा.

मग पाण्याकडे वळा. टर्बाइनची पाती थेंबांनी झिजतात, पण स्क्रूचे रोटर त्या मानाने सावकाश फिरतात. शिवाय थेंब रोटरमधल्या फटी भरून गळती कमी करतात. म्हणून वाफ कोरडी करायच्या मागे लागू नका. अडवायचा तो पाण्याचा लोंढा. लाइनला उतार द्या, इनलेटआधी ड्रेन पॉकेट आणि ट्रॅप ठेवा, ड्रेन उघडे ठेवून लाइन तापवा आणि मगच मशीन सुरू करा. ओलावा चालतो म्हणून लाइन इन्सुलेशनविना उघडी टाकणे मात्र चूकच.

सर्वांत मोठा फायदा दाब जुळवण्यात आहे. वरच्या दाबांना वाफ सुमारे तिपटीने फुगते. मशीनचे अंगभूत प्रसरण-गुणोत्तर 5 असेल, तर वाफ आतच गरजेपेक्षा जास्त पसरते आणि रोटरला बाहेरच्या दाबाविरुद्ध राबावे लागते. 2 असेल तर उरलेला दाब फुकट सुटतो. उत्पादकाकडून हा आकडा घ्या आणि टाक्यांना चालेल तितपत बाहेरचा दाब त्या गुणोत्तराशी जुळवा.

लोड कमी झाला की इनलेट व्हॉल्व्ह आवळायची सवय सोडा. व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर वेग बदला. फार कमी वेगात गळतीचा वाटा वाढतो, फार जास्त वेगात इनलेटलाच दाब घटतो. उत्पादकाच्या मर्यादेत थोडा थोडा वेग बदलून दरवेळी नोंद करा. फटी आणि बेअरिंग मशीन थंड करून, वाफ दोन्हीकडून तोडूनच तपासा.

पीआरव्ही बायपासला राहू द्या. एक्सपांडरने काम काढून घेतलेल्या वाफेत उष्णता थोडी कमी असते, म्हणून टाक्यांना वाफ जास्त लागेल. त्यासाठीचे तूसही विजेच्या हिशेबात धरा.