तापानंतर सीए-१२५ वाढलेला दिसला तर

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये हल्ली महिलांसाठी सीए-१२५ ही रक्तचाचणी सर्रास घातलेली असते. ३५ युनिटच्या पुढचा आकडा रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत येतो, नाव अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेले असते आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडते. डेंगी, कावीळ किंवा कोविडमधून नुकत्याच उठलेल्या बाईच्या हाती असा रिपोर्ट पडला, तर तेवढ्यावरून कॅन्सर ठरवू नये, हे मला आधी सांगायचे आहे.

१९८१ मध्ये बोस्टनमध्ये रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी सीए-१२५ हे प्रथिन ओळखले, ते अंडाशयाच्या कॅन्सरवर संशोधन करताना. पण ते फक्त कॅन्सरच्या पेशी तयार करत नाहीत. पोटाचे आतले अस्तर, फुप्फुसांभोवतीचे व हृदयाभोवतीचे आवरण, गर्भाशयाचे अस्तर या सगळ्यांतून ते तयार होते. त्यामुळे यांपैकी कुठेही दाह झाला किंवा पाणी साठले की रक्तातला आकडा चढतो. तीव्र डेंगीत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून पोटात आणि छातीत पाणी होते. हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणूमुळे यकृत निकामी होत गेले की पोट पाण्याने फुगते. कोविडच्या गंभीर रुग्णांमध्येही सीए-१२५ आणि एचई-४ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठी होणारी आणखी एक रक्तचाचणी) हे दोन्ही आकडे वाढल्याची नोंद आहे. क्वचित, काही विषाणूसंसर्गांनंतर रक्तात उरलेली प्रतिपिंडे तपासणीच्या रसायनांनाच चिकटतात आणि आकडा खोटा वाढतो. पाळी, गर्भारपण, एंडोमेट्रिओसिस आणि आपल्याकडे नेहमी आढळणारा पोटाचा क्षयरोग, यांनीही तो वाढतो. पोटाच्या क्षयात तर तो शेकड्यांत जातो आणि चित्र हुबेहूब कॅन्सरसारखे दिसते.

यावर कोणी विचारेल, तपासून घेण्यात तोटा काय? तोटा आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक महिलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला: लक्षणे नसलेल्या महिलांची सीए-१२५ किंवा सोनोग्राफीने नियमित तपासणी करूनही या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय पहिल्या टप्प्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांत सीए-१२५ वाढलेलाच नसतो. म्हणजे आकडा नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहणेही तितकेच चुकीचे. दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो: सगळे तापावर ढकलले तर खरा कॅन्सर निसटणार नाही का? निसटू शकतो. म्हणून निर्णय सोनोग्राफी, वय आणि लक्षणे यांवर घ्यायचा. पोट सतत फुगलेले वाटणे, चार घास खाल्ले की पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे, हे दोन-तीन आठवडे टिकले, तर ताप येऊन गेलेला असो वा नसो, सोनोग्राफी करायलाच हवी. पाळी थांबलेल्या महिलेत वाढलेला आकडा अधिक गांभीर्याने घ्यावा. अंडाशयावर संशयास्पद गाठ दिसली तर ताप उतरण्याची वाट न पाहता कॅन्सरच्या शल्यविशारदाकडे जावे. सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर पूर्ण बरे झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, पाळीचे दिवस टाळून चाचणी पुन्हा करावी. संसर्गामुळे चढलेला आकडा बहुधा खाली आलेला असतो. चढतच राहिला तर पुढचा तपास थांबवू नये.

ज्यांचे अंडाशयाच्या कॅन्सरवरचे उपचार झाले आहेत आणि सीए-१२५ वर लक्ष ठेवले जाते, त्यांनी एकाच वाढीव आकड्यावरून आजार परतला असे मानू नये. दुसरी तपासणी आणि गरज पडल्यास स्कॅन करून घ्यावा. आणि रक्त देताना, गेल्या दोन महिन्यांत ताप, कावीळ किंवा डेंगी होऊन गेला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.